लोटननानांचा पुरावा

तळोद्याच्या पेठेत लोटननानांच्या किराणा दुकानातून लवंग घ्यायची, तर आधी ती आली कुठून, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. गूळ मागा, मुकाट्यानं मिळे. गोडं तेल मागा, मिळे. पण लवंग, वेलची, कापूर, खजूर, यांतलं काही मागितलं की नानांचा तराजू हवेतच थांबायचा.

"लवंग? देस ना. पन पहिले सांगा, हाई कोठेन उनी?"

नवखं गिऱ्हाईक म्हणे, "तुमना डबामातून."

"डबामां कोठेन उनी?"

"सुरतथीन आनी व्हई तुम्ही."

"मंग सुरतले लवंगना झाडे शेतस का?"

इथे गिऱ्हाईक डब्याकडे बघू लागे. नाना दोन बोटांत एक लवंग धरून तिच्याकडे लाडानं बघत. "सातपुडामां पिकत नही. खानदेशमां पिकत नही. सुरतले पिकत नही. मंग उनी कशी? पाय फुटनात तिले? चालत उनी?" आणि मग गल्ल्यावर थाप मारून, "जहाजवर उनी! हजारो वरीस पहिले आपला मानसे समिंदर वलांडीसन गयात आनि लवंग लई वापस उनात. पुरावा शे मन्हाजोडे!"

एव्हाना आतून त्यांच्या बायकोचा, जिजीचा आवाज येई, "अहो, देई टाका ना तिले! तिन्हा पोऱ्याना दात ठनकी ऱ्हायना, आनि तुम्ही जहाज हाकी ऱ्हायनात!"

मी तळोद्याला मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून गेले ती दुसऱ्या लढाईच्या आधीची वर्षं. मी नाशिककडची. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कोणी राजी नव्हतं. नाना मात्र म्हणाले, "मास्तरीन शे, नकाशा व्हई तिन्हाजोडे," आणि दुकानामागची खोली त्यांनी मला दिली. नकाशा शाळेचा होता हे कळल्यावर त्यांचा जरा हिरमोड झाला. पण भाड्याची बोलणी झालेली होती.

पहिला महिनाभर मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नसे. 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'मन्हा' म्हणजे 'माझा', एवढ्या भांडवलावर मी काम चालवलं. पण 'पुरावा शे' हे दोन शब्द दिवसातून इतक्या वेळा कानावर पडत की अहिराणीतलं मला सगळ्यात आधी आलेलं वाक्य तेच.

तो पुरावा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होता. डबा गादीमागच्या फळीवर, बसल्या जागी हात पोचेल असा ठेवलेला. त्यात लाल दगडाचे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि रंगीत खापऱ्या होत्या. हे सगळं प्रकाशाहून आणलेलं. पावसाळ्यात तिथे तापीचा काठ ढासळला की जुन्या वस्तीची माती उघडी पडते. नाना बैलगाडी करून जात आणि वाकून वाकून काठ धुंडाळत. देवदर्शनाला आलेल्या लोकांना वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

"हाई शंख दखा, मास्तरीन. तापीमां इतला मोठा शंख सापडस का? नही. समिंदरना शे. आनि पाच कोस नही, दहा कोस नही, इतला लांब समिंदर. मंग कोन लई उना?"

या बाबतीत ते बरोबर असावेत असं मला वाटे. पण डब्यात एक गंजलेला लोखंडी आकडाही होता आणि तो प्राचीन जहाजाचा नांगर आहे, असं नानांचं म्हणणं होतं. शेजारच्या लोहारानं तो एकदा हातात घेऊन सांगितलं, "नाना, हाऊ तर हिरमां पडेल घागर काढाना गळ शे. मन्हा बापनीच बनाडा व्हई."

नाना जराही डगमगले नाहीत. "हिरमातली घागर धरस तो गळ. समिंदरमातलं जहाज धरस तो नांगर. आकार एकच शे. मंग?"

लोहारानं माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

गाव त्यांना समिंदरशेठ म्हणे. बाजारच्या दिवशी सातपुड्यातून पावरे, भिल्ल मंडळी मिठासाठी उतरत. त्यांतल्या एका म्हाताऱ्या पावऱ्याला नानांनी मीठ कुठून आलं म्हणून विचारलं. तो आपल्या बोलीत शांतपणे म्हणाला, "तूच दर बाजारी सांगतोस ना, समुद्रातून." नाना इतके खूश झाले की त्यांनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ही बातमी डोंगरात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या बाजारापासून माणसं काड्याची पेटी घ्यायला आली तरी दुकानाच्या पायरीवरूनच "जहाजवर! जहाजवर!" असं ओरडत येत आणि गुळासाठी हात पुढे करत. नाना प्रत्येकाला गूळ देत. जिजी कपाळाला हात लावी.

रविवारी शाळा रिकामी असे. नाना धुतलेला सदरा घालून, टोपी सारखी करून नकाशा बघायला येत. देवळात जावं तसे जोडे बाहेर काढून ठेवत. मी जगाचा नकाशा उलगडून भिंतीला लावला की ते त्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहत. मग त्यांचं बोट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन टेकायचं. दर खेपेला तिथेच.

एकदा मी म्हटलं, "नाना, आता लवंग तिकडच्या बेटांवर पिकते हे खरं. पण जुन्या काळची लवंग तिथली नव्हे. ती इकडून, पूर्वेच्या बेटांवरून यायची." आणि मी त्यांना नकाशाचं दुसरं टोक दाखवलं.

ते माझ्यावर एकदम चिडले. "ते ऱ्हाऊ द्या तुम्ही. माले हाईच बाजू देखनी शे."

प्राचीन दर्यावर्दींचा एवढा ध्यास घेतलेला माणूस, आणि त्यांच्या निम्म्या समुद्राकडे बघायलाही तयार नाही! मला हसू आलं. मी ते दाबलं आणि खिडकीशी जाऊन वह्या तपासत बसले. नानांचं बोट किनाऱ्यावरच होतं.

एके दिवशी दुपारी शाळा सुटायच्या बेतात होती. नंदुरबारहून येणाऱ्या मोटारीचा ड्रायव्हर थेट वर्गाच्या दारात आला. "बाई, तुमनाकडे मिशननी कोनी मडम उनी शे. आफ्रिकाथीन. पेटी उतारी दिन्ही मी."

मी बाहेर आले. शाळेच्या ओट्याशी एक तरुण बाई उभी होती. वय बावीस-तेवीसचं असेल. रंग काळा, आमच्याकडच्या काळ्यापेक्षा वेगळा, तकतकीत. केस दाट कुरळे, मागे घट्ट बांधलेले. अंगात लांब झगा आणि खांद्यावरून मोठमोठ्या फुलांचं छापील वस्त्र. पायाशी पत्र्याची पेटी आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेलं कापडात बांधलेलं एक भांडं. ही आपल्याशी कुठल्या भाषेत बोलणार, या विचारानं मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवू लागले.

ती म्हणाली, "बाई, लोटननानानं दुकान कोठे शे? मी दामूनी आंडेर. मन्हं नाव तापी."

आंडेर म्हणजे मुलगी, एवढं मला एव्हाना कळत होतं. ड्रायव्हरनं कपाळावरची टोपी मागे सारली. मुली खिडकीला लोंबकळल्या होत्या, त्यांची कुजबुज थांबली. समुद्रापार जन्मलेली ही मुलगी पेठेतल्या कुठल्याही बाईपेक्षा अस्सल अहिराणी बोलत होती. नंतर जिजीनं सांगितलं, त्यातले काही शब्द तिच्या सासूच्या तोंडचे होते आणि सासू गेल्यापासून गावात कोणी ते वापरत नव्हतं.

मी तिला घेऊन दुकानावर गेले. नाना कुणाला तरी खजूर तोलून देत होते. तिनं आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. नानांच्या हातातला तराजू एका बाजूला कलला आणि खजूर गादीवर सांडला. ते उठून उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे रस्त्याकडे, आणखी कोणी येतंय का असं. शेवटी त्यांची नजर तिच्या हातातल्या भांड्यावर आली.

"दामू?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. "प्रकाशाले सोडानं सांगेल व्हतं त्यास्नी."

आत जिजीनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि भाकरी टाकायला बसली. मी लाकडं पुढे सारत होते. पीठ मळता मळता जिजीनं मला ते सगळं सांगितलं. तोवर त्या घरात दामूचं नावसुद्धा माझ्या कानावर आलं नव्हतं.

दामू हा नानांचा धाकटा भाऊ. तरुणपणी मुंबईहून जहाजानं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोंबासाला गेला. तिथे रेल्वेच्या वस्तीत दुकानं निघत होती, त्यांतल्या एकाचा मुनीम झाला. काही वर्षांनी आईला भेटायला परत आला. जातीच्या पंचांनी ठरवलं, समुद्र ओलांडलेला माणूस, आधी प्रायश्चित्त, मग घर. दामू म्हणाला, मी चोरी केली नाही, कुणाला फसवलं नाही, प्रायश्चित्त कशाचं घेऊ? घराचा कर्ता मोठा भाऊ. नानांनी पंचांचा शब्द मोडला नाही.

"बाहेर ओटावर पान मांडं," जिजी म्हणाली. "यास्नी सोताना हातथीन वाढं त्याले. सासू दारमां उभी. मी बाहेर जास म्हने, तर यास्नी जाऊ दिन्हं नही. पोऱ्या सगळं जेवना. पानपन सोताच उचलं, जागा सोताच सारवी. दुसरा दिन सकायले गया."

ती भाकरी थापत राहिली. मग सांगू लागली, त्यानंतर महिनाभरानं पंचांतले मोठे आबाशेठ दुकानावर आले. घरात लग्न होतं, विड्यांसाठी लवंग हवी होती. नाना तोलायला बसले आणि मधेच थांबले. आबाशेठना म्हणाले, "हाई कोठेन उनी?" आबाशेठ हसले. नाना हसले नाहीत. ज्या बैठकीत दामूला बाहेर ठेवायचं ठरलं, त्या बैठकीतही विडे नानांनीच वाटले होते आणि प्रत्येक विड्याला लवंग टोचलेली होती. "तवयपाशीन लागनं हाई येड," जिजी म्हणाली. "लोकेस्ले वाटस, मानूस मजाना शे. माले माहीत, रात-दिन कोनासंगे भांडी ऱ्हायना तो."

नानांनी दामूला निरोप पाठवून पाहिले होते, सुरतेच्या व्यापाऱ्यांबरोबर, बोटीवरच्या खलाशांबरोबर. उत्तर आलं नाही. दामूनं तिथेच किनाऱ्यावरच्या एका मुलीशी लग्न केलं. एवढी बातमी मात्र कुणीतरी आणली होती आणि पंचांनाही ती ठाऊक होती.

तापी न्हाऊन आली. जिजीनं तिला आपलं लुगडं नेसवलं. स्वयंपाकघरात चुलीजवळ पाट मांडला आणि ती जेवायला बसली, तोच बाहेर माणसांचे आवाज ऐकू आले. आबाशेठ आले होते, त्यांच्याबरोबर आणखी दोघे. दुकानासमोर निम्मी पेठ जमली होती. लोहारही आपलं काम टाकून आला होता. खरं सांगायचं तर लोक मजा बघायला आले होते. समिंदरशेठ आता काय काय काढणार, पंचांना कसं घोळात घेणार, याची वाट बघत होते. मीही पडद्याशी उभी राहून तेच बघत होते. मनात म्हणत होते, नाना, तो नांगर तेवढा काढू नका.

आबाशेठ फार म्हातारे झाले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "लोटन, पोर कोन शे?"

"दामूनी आंडेर."

"तिन्ही माय?"

"तठली. मोंबासानी."

"पोर समिंदर वलांडीसन उनी. माय परजातनी, परदेशनी. आनि तू तिले घरमां लिन्हं?"

"हाओ."

आबाशेठनी फळीवरच्या डब्याकडे काठी रोखली. "इतला वरीस आमनं डोकं खादं तू. लवंग, शंख, जहाज. आते काढ तो डबा. दखाड तुन्हा पुरावा. आम्ही ऐकतस."

गर्दीत कुणीतरी हसलं. नानांनी डब्याकडे पाहिलं. हात लांबवला असता तर पोचला असता. सगळं आयुष्य त्यांनी या घटकेची तयारी केली होती आणि आबाशेठ स्वतः त्यांना बोलायला सांगत होते. ते बोलले असते तर कदाचित आबाशेठनी ऐकलंही असतं. माणूस दुष्ट नव्हता.

नाना म्हणाले, "ती मन्ही पुतनी शे. घरमां जेवी ऱ्हायनी. तिन्हाकरता पुरावा कसाले?"

आबाशेठ थांबले. त्यांना वाटलं, अजून पुढे काही येईल. आलं नाही.

"लोटन, तुन्ही आंडेर ब्राह्मनपुरीले देयेल शे. इचार कर."

"कया," म्हणजे कळलं, एवढंच नाना म्हणाले, आणि आत आले. त्यांनी तापीच्या शेजारी पाट ओढला. जिजीनं त्यांचं ताट वाढलं. पहिला घास हातात धरून ते बराच वेळ नुसते बसून होते. शेवटी तापीच म्हणाली, "जेवा ना, नाना," तेव्हा जेवले.

ब्राह्मणपुरीची धमकी पोकळ नव्हती. पुढची दोन वर्षं तिथल्या सासरच्यांनी नानांच्या मुलीला माहेरी पाठवलं नाही. जिजी त्या दोन वर्षांत वाळली. जातवाल्यांनी दुकानाची पायरी सोडली. सातपुड्यातून उतरणारे लोक मात्र येतच राहिले. त्यांच्या जिवावर दुकान चाललं. नाना लवंग न विचारता तोलून देऊ लागले, तसे हे डोंगरातले लोकच गोंधळले. म्हातारा पावरा तर हात पुढे करून बराच वेळ उभा राहिला. मग नानांच्या लक्षात आलं आणि त्यांनी गूळ काढला.

पण हे सगळं पुढचं. पंच येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी आम्ही गाडी जुंपून प्रकाशाला गेलो. नाना, जिजी, तापी आणि मी. वाटेत तापी सारखी विचारत होती, हे झाड कुठलं, ते शेत कशाचं. काही गोष्टींची नावं तिला माहीत होती, फक्त त्या पाहिलेल्या नव्हत्या. बाभूळ पाहिल्यावर तिनं गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून काट्याला बोट लावून पाहिलं.

घाटावर सकाळची वेळ होती. नदीवर पातळ धुकं होतं आणि देवळांच्या पायऱ्या ओल्या होत्या. नानांनी एका भटजींना बोलावलं. त्यांनी तापीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि विचारलं, "मयताचं नाव?"

"दामोदर."

"आपला कोण?"

"धाकला भाऊ."

पुढे भटजींनी काही विचारलं नाही. दर्भ हातात दिले आणि मंत्र सांगायला लागले. नाना अडखळत म्हणत होते. त्यांचा आवाज एरवी अख्ख्या पेठेत घुमायचा. तो आता दोन पायऱ्या वर बसलेल्या मलाही ऐकू येत नव्हता.

मग नाना आणि तापी पाण्यात उतरले. नानांच्या कमरेपर्यंत पाणी आलं. तापीनं कापड सोडलं आणि भांडं त्यांच्या हातात दिलं. नानांनी ते लगेच उपडं केलं नाही. छातीशी धरून उभे राहिले. ओठ हलत होते. भावाशी काय बोलले ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मग त्यांनी भांडं वाकडं केलं. राख पाण्यावर जराशी पसरली आणि ओढीबरोबर हळूहळू खाली जाऊ लागली.

तापी त्या राखेकडे बघत राहिली. "नाना," ती म्हणाली, "हाई पानी कोठे जास?"

नानांनी हात वर केला. खरं तर अशा प्रश्नाची ते जन्मभर वाट बघत होते. पण तो हात त्यांनी फक्त पाण्याच्या ओढीकडे रोखला. "सुरतले," ते म्हणाले. "तठेन समिंदरमां."

"मन्ही मायले आम्ही समिंदरना काठवरच पुरेल शे," तापी म्हणाली. "मंग बाबा मायजोडेच जाई."

ती हे दुःखानं म्हणाली नाही. तिला ते ऐकून बरं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

नाना तिच्याकडे बघत राहिले. भावाला घरी आणायचं म्हणून त्यांनी एवढी वर्षं काढली होती. तो चार दिवस येऊन आता परत निघाला होता. मला वाटलं, म्हातारा आता कोसळेल, आणि मी पायरीवरून उठले. पण त्यांनी रिकामं भांडं तापीच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी नदीचं पाणी ओंजळी ओंजळीनं पुढे सारायला लागले. भरल्या गाडीला मागून हात लावावा तसं ते राखेच्या मागचं पाणी ढकलत होते.

"जाय, भाऊ," ते म्हणत होते. "जाय. ती वाट देखी ऱ्हायनी व्हई."

जिजीनं काठावरून हाका मारल्या, थंडी बाधेल म्हणून. त्यांना ऐकू गेलं नाही. तापी त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि थोड्या वेळानं तीही पाणी सारू लागली.